डोमाच्या खानावळीतलं जपान

जपानमध्ये मी एकूण बेचाळीस दिवस होतो. हे खोटं नाही. पासपोर्टावर शिक्का आहे, आणि तो पासपोर्ट आमच्या घरच्या लोखंडी पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली, डांबरगोळ्यांसकट ठेवलेला आहे. ज्याला शंका असेल त्याने येऊन पाहावा. चहाही मिळेल.

मी चंद्रपूरजवळच्या एका प्लायवूड कारखान्यात सुपरवायझर. लाकडाचा ओंडका यंत्रावर फिरवत त्याची पेन्सिलीसारखी साल काढायची, त्या सालीचे पत्रे एकावर एक चिकटवायचे, की झालं प्लायवूड. ही साल काढायची नवी तऱ्हा शिकायला कारखान्याने १९८३ साली मला जपानला पाठवलं. माझ्याआधी तिघांना विचारलं होतं. एकाची बायको बाळंतपणाला टेकली होती, एकाला विमानाची भीती होती आणि तिसऱ्याने ‘तिथी भाकर भेटते का?’ एवढंच विचारून नकार दिला होता. म्हणजे माझी निवड गुणवत्तेवर झाली, असं म्हणायला हरकत नाही.

परत आलो तेव्हा आमच्या वस्तीत जपान पाहून आलेला मी एकटाच होतो. लोक विचारू लागले. मी आपणहून सांगत नव्हतो, हे कृपया लक्षात घ्या, लोक विचारत होते. आता मी पाहिलं होतं काय? कारखाना, कारखान्याचं वसतिगृह आणि त्या दोघांमधला पाऊण मैल रस्ता. जेवण म्हणाल तर बायकोने बांधून दिलेला सात किलो चिवडा आणि वसतिगृहातला भात. सालकाढी यंत्राची गोष्ट मी दोनदा सांगून पाहिली. दोन्ही वेळा माणसं उठून गेली.

म्हणून मी इझाकाया सांगायला लागलो.

इझाकाया म्हणजे तिकडची संध्याकाळची खानावळ. कामावरून सुटलेली माणसं मित्रांना घेऊन जातात, चपला बाहेर काढून बुटक्या टेबलाभोवती मांडी घालून बसतात, चिमुकल्या बश्यांतून दहा-वीस पदार्थ येतात, सगळे वाटून खातात आणि ज्याने त्याने शेजाऱ्याचा पेला भरायचा, आपला आपण भरायचा नाही. ही सगळी माहिती अस्सल आहे. फक्त ती मला वसतिगृहातल्या एका श्रीलंकेच्या मुलाने सांगितली होती. मी स्वतः इझाकायात होतो तो काळ साधारण चार सेकंदांचा भरेल.

झालं असं, की पंधराव्या दिवशी चिवड्याचा वीट येऊन मी हिंमत केली. दारावर कापडाचा आखूड पडदा, बाजूला लाल कंदील. पडदा बाजूला करून मी आत एक पाय टाकला, आणि आतले आठ-दहा नोकर, आचारी, गल्ल्यावरची बाई, सगळे एकदम माझ्या अंगावर ओरडले. काय ओरडले ते कळलं नाही, पण आवाज असा, की मला वाटलं मी कुणाच्या तरी देवघरात बूट घालून शिरलो. मी जो पळालो तो वसतिगृहाच्या पायरीवर थांबलो. दुसऱ्या दिवशी श्रीलंकेचा मुलगा म्हणाला, “अरे, ते प्रत्येक गिऱ्हाइकाला तसंच ओरडतात. ते स्वागत असतं.” अपमान झाला की स्वागत, हे कळायला एक रात्र गेली आणि तेवढ्या रात्रीत माझी हिंमत संपली. उरलेले सत्तावीस दिवस मी पुन्हा चिवड्यावर काढले.

ही गोष्ट फक्त माझ्या बायकोला, कमळाला ठाऊक होती. तिने एकच अट घातली होती. “सांगाचं ते सांगा लोकाईले, पन तिथी दारू पेलो असं नोका सांगू. दर रविवारी विहारात पंचशील म्हन्ता, पाचवं शील काय म्हन्ते ते ठाऊक हाये ना?” म्हणून माझ्या इझाकायात मी कायम काळा चहा घेत असे. तीन वर्षं घेत होतो. शेवटी शेवटी तर मला त्या चहाची चवसुद्धा आठवायला लागली होती.

माझे नियमित श्रोते दोन. एक बिरजू, ज्याचा लाकडाचा ट्रक अहेरी-आलापल्लीच्या रस्त्यावर चालायचा आणि ज्याची जीभ ट्रकपेक्षा जोरात चालायची. दुसरे देवाजी मास्तर, सातवीला भूगोल आणि इंग्रजी शिकवणारे. मास्तर आयुष्यात नागपूरच्या पलीकडे गेले नव्हते, पण जगातल्या सगळ्या नद्या त्यांना पाठ होत्या. मी बोलू लागलो की ते खिशातून वही काढून टिपून घ्यायचे. माझं बोलणं कुणी लिहून घेतं याचा मला फार अभिमान वाटायचा. ते लिहिलेलं कुठे जातं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

तर १९८६च्या नोव्हेंबरात कारखान्याला तार आली. नवं यंत्र बसवायला जपानहून नाकागावा नावाचे इंजिनियर आठ दिवसांसाठी येणार. कारखान्यात ही बातमी सकाळी अकराला फुटली आणि साडेअकराला बिरजू गेटवर हजर.

“गुणवंतभाऊ! तुमचा मानूस येऊन राह्यला!”

“माझा कसा?”

“मंग का माहा हाये? आता तं इझाकाया झालीच पायजे. तुमी, मी, मास्तर आन तो जपानी. एकदम पक्का!”

“अरे, पण चंद्रपुरात इझाकाया कुठून आणायची?”

“डोमाची खानावळ हाये ना. तुमी सांगा कसं कराचं, तो करते. तीन सालं आयकून राह्यलो, एकडाव पाहू तं द्या!”

मी म्हटलं, पाहुणा थकलेला असेल. मी म्हटलं, त्याला आपलं तिखट सोसणार नाही. एवढ्यात मास्तर सायकलवरून उतरले आणि शांतपणे म्हणाले, “गुणवंतभाऊ, माही एकच इच्छा हाये. वहीत लिवलेलं एकडाव डोळ्यानं पाहाचं.” मी हो म्हणालो. घरी येऊन कमळाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “तो जपानी तिथी कितीक सेकंद बसला हाये?” मला त्या रात्री झोप आली नाही. खऱ्या जपानी माणसासमोर बसून मला जपान करून दाखवायचं होतं, आणि त्याने एकदा जरी भुवई वर केली असती तर तीन वर्षांची माझी अब्रू डोमाच्या मोरीतून वाहून गेली असती.

पहिली अडचण कागदाची. परदेशी माणसाला आवाराबाहेर न्यायचं तर कार्यालयाची परवानगी लागते. मी तीन प्रतींत अर्ज केला. त्यात एक रकाना होता, ‘भोजनाचा उद्देश’. मी लिहिलं, ‘भूक’. अर्ज परत आला, ‘उद्देश स्पष्ट करावा’. मी लिहिलं, ‘क्षुधाशांती’. पुन्हा परत, ‘सदर सोय आवारातील उपाहारगृहात उपलब्ध आहे’. तिसऱ्यांदा मी चिडून लिहिलं, ‘भारत-जपान मैत्री’. दहा मिनिटांत मंजूर, वर साहेबांचा शेरा, ‘स्तुत्य’.

दुसरी अडचण टेबलांची. डोमाची टेबलं साधी, चार पायांची, कमरेएवढी. बिरजूने लाकडाच्या धंद्यातला माणूस म्हणून ती जबाबदारी घेतली, म्हणजे करवत घेऊन आला आणि चार टेबलांचे पाय कापले. पहिल्याचा एक पाय आखूड झाला म्हणून बाकीचे तीन कापले, मग त्यातला एक आखूड झाला म्हणून पुन्हा बाकीचे तीन. शेवटी टेबल वीतभर उरलं तेव्हा डोमाने करवत हिसकावून घेतली. तरी त्याचा उतार राहिलाच. वर ठेवलेली वस्तू मंद गतीने दक्षिणेकडे निघायची.

“उद्या माहे गिऱ्हाईक बसनार कुठी?” डोमाने विचारलं.

“खाली,” बिरजू म्हणाला. “जपानात सारेच खाली बसते.”

सल्ले तर न मागता येत होते. शेजारच्या शकुबाईंचं म्हणणं, इतक्या दुरून आलेल्या लेकराला वरण-भात आणि तूप द्यावं. ते लेकरू पन्नाशीचं होतं हे सांगून उपयोग झाला नाही. गल्लीतल्या दुसऱ्या एकाने जपानी लोक कच्चा मासा खातात अशी माझीच माहिती मला परत दिली. मी ती डोमाला दिली. डोमाने हातातला झारा खाली ठेवला.

“गुणवंतभाऊ, माह्या खानावळीत आजपावतो कोनाले मासोळी कच्ची नाई भेटली. बाप वर गेला माहा, पाहून राह्यला असन. शिजवून देतो. खाचं तं खाये.”

मग पदार्थ ठरले ते असे. वाळलेल्या झिंग्यांची चटणी, तळलेली इरई नदीची मासोळी, जवसाची चटणी, पाटोडी, आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मसाला घालून. बिरजू भामरागडच्या वाटेवरून लाल मुंग्यांची चटणी पानात बांधून आणणार होता, आणि एका डालड्याच्या डब्यात आणखी काहीतरी आणणार होता, ज्याला तो मोहाचं सरबत म्हणत होता. मी त्याला जास्त विचारलं नाही. माझ्यासाठी काळ्या चहाची किटली ठरली. कमळाने ती स्वतः घासून दिली.

पडद्याला डोमाने लाल मांजरपाट आणला आणि कंदिलाच्या काचेला लाल जिलेटिनचा कागद गुंडाळला. मी तर ते पाहून दोन पावलं मागे सरलो, इतकं ते दार त्या जपानातल्या दारासारखं दिसत होतं. स्वागताची तालीम मी जातीने घेतली. ओरडायचे शब्द मला माहीत नव्हते, आवाज माहीत होता. म्हणून डोमा, त्याचा आचारी आणि दोन वाढपी यांनी एकदम, पोटातून, ‘या हो या! बसा हो बसा!’ असं ओरडायचं ठरलं. आचारी पूर्वी तमाशात नाल वाजवायचा. त्याचा आवाज तीन माणसांचा होता.

शनिवारी संध्याकाळी सहाला नाकागावा रिक्षातून उतरले. सडपातळ, चष्मा, पांढरा शर्ट, दोन्ही हात मांडीला चिकटवून वाकून नमस्कार करणारा अबोल माणूस. आमची भाषा म्हणजे त्यांचं मोडकं इंग्रजी आणि माझं त्याहून मोडकं. मी पडदा बाजूला केला, त्यांनी आत एक पाय टाकला, आणि आतून एकदम स्फोट झाला.

“या हो या! बसा हो बसा!”

नाकागावांनी वाकून नमस्कार केला, पाय मागे घेतला, वळले आणि रस्त्याने तरातरा चालू लागले. मी मागे धावलो. त्या क्षणी त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल ते समजणारा अख्ख्या हिंदुस्थानात मी एकटाच होतो. पानठेल्यापाशी मी त्यांना गाठलं, हात धरला आणि म्हटलं, “वेलकम! दॅट इज वेलकम!” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खानावळीकडे पाहिलं आणि मान हलवली. आपल्या देशात गिऱ्हाइकावर ओरडतात हे त्यांना नक्की ठाऊक असणार. पण चंद्रपुरातही ओरडतील हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

आत सगळे बसले. मास्तर माझ्यासमोर, वही उघडी, पेन्सिलीला टोक केलेलं. बिरजू उताराच्या बाजूला. नाकागावा माझ्या शेजारी. पेले भरले गेले. मास्तरांनी हळूच विचारलं, “आता पयले काय करतेत जी?”

मी नाकागावांकडे पाहिलं, ते माझ्याकडे पाहत होते. मी यजमान, माझं गाव, सुरुवात मीच करणार असं त्यांना वाटणं साहजिक होतं. आणि मास्तर माझ्याकडे पाहत होते, कारण जपानचा अधिकारी मी. मला दरदरून घाम फुटला. डोकं तापलं होतं, म्हणून मी समोरचा पाण्याचा थंड स्टीलचा पेला उचलून कपाळाला लावला, जरा सुचावं म्हणून.

नाकागावांनी तत्काळ आपला पेला उचलला आणि गंभीरपणे कपाळाला लावला.

ते पाहून मास्तरांनी लावला. बिरजूने लावला. दारात उभ्या डोमाने रिकामा तांब्या लावला. मी घाबरून पेला खाली ठेवला, तेवढ्यात झिंग्यांची बशी दक्षिणेला निघाली. मी तिला अडवायला टेबलावर हात आपटला, ती वाचली, तर पाटोडीची निघाली, मी पुन्हा आपटला. नाकागावांनी दोन थापा मारल्या. धाप, धाप. सगळ्यांनी दोन-दोन मारल्या. इतक्यात आतून आचाऱ्याने विचारलं, “काळा चहा कोनाचा?” मी कारखान्यातल्या सवयीने हात वर करून आपलं आडनाव ओरडलो, “वनकर!”

“नाकागावा!” नाकागावा हात वर करून ओरडले.

“देवाजी उराडे!” मास्तर.

“बिरजू!” बिरजू, आणि पुढे ट्रकचा नंबर.

मास्तरांचे डोळे चमकत होते. “गुणवंतभाऊ, हे तं तुमी कधी सांगतलंच नाई! याचा अर्थ काय जी?”

इथे मी खरं सांगू शकलो असतो. माणसाला आयुष्यात अशी एक संधी मिळते आणि ती नेमकी तो घाईत असताना येते. मी म्हणालो, “पेला कपाळाला म्हणजे अन्नाला मान. दोन थापा म्हणजे एक यजमानाची, एक पाहुण्याची. आणि नाव म्हणजे आपण इथे मनाने हजर आहोत याची नोंद.”

“हजेरी!” मास्तर म्हणाले. त्यांनी ते वहीत टिपलं. “देश पुढं जाते तो असा. जेवाले बसले तरी हजेरी!”

त्यानंतर दर नव्या बशीला कपाळ, थापा, हजेरी. नाकागावा कधीच चुकले नाहीत. त्यांना वाटत होतं चंद्रपुरात असं करतात, म्हणून ते आमचा मान राखत होते. मित्रांना वाटत होतं जपानात असं करतात, म्हणून ते त्यांचा मान राखत होते. हे मला तिसऱ्या बशीला कळलं. दोन्ही बाजू एकमेकांना इतक्या मनापासून मान देत होत्या की मध्ये माझा खोटेपणा अगदी सुखरूप बसला होता. मी दुसरा कप चहा घेतला आणि मला तो गोड लागला.

बिरजूचं वेगळंच युद्ध चाललं होतं. आमच्याकडे पाहुण्याचा पेला रिकामा दिसणं म्हणजे गावाची नाचक्की. तिकडे शेजाऱ्याचा पेला रिकामा दिसणं म्हणजे आपली नाचक्की. बिरजू भरे, नाकागावा मान राखायला पीत. मग ते बिरजूचा भरत, बिरजू मान राखायला पिई. दोघांपैकी एकालाही थांबायची सोय नव्हती. वास्त्यांची बशी आली तेव्हा मात्र नाकागावा थांबले. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, हे माझी आई करते. मग डोमाने आतून सगळं पातेलंच आणून त्यांच्यासमोर ठेवलं. मुंग्यांची चटणी तर त्यांनी तीनदा मागून घेतली, आणि बिरजूला वाटलं आपण जन्माचं सार्थक केलं.

नेमका त्याच वेळी पडदा बाजूला झाला आणि हवालदार पत्रू मडावी आत आला.

“लाल कापड, लाल दिवा, आन आत बाहेरदेशचा मानूस,” तो म्हणाला. “जंगलाकडं नक्षल्याईचं काय चालू हाये, तुमाले ठाऊक हाये ना? साहेबानं सांगतलं, पाहून ये.”

मी खिशातून परवानगीची प्रत काढली. त्याने ‘भारत-जपान मैत्री’ दोनदा वाचलं, ‘स्तुत्य’ एकदा वाचलं आणि डब्याकडे बोट केलं. “आन हे?”

“सरबत हाये जी, मोहाचं,” बिरजू म्हणाला.

पत्रूने वाकून वास घेतला. “मुरलं हाये बरं,” तो म्हणाला. त्याच क्षणी पाटोडीची नवी बशी आली, सगळ्यांनी पेले कपाळाला लावले, थापा पडल्या, नावं झाली आणि सगळे त्याच्याकडे पाहू लागले. सरकारी माणूस हजेरीला चुकत नाही. “हवालदार पत्रू मडावी, बक्कल नंबर तीनशे बारा!” तो ताठ उभा राहून म्हणाला आणि टोपी काढून बसला. त्यानंतर त्याच्या पेल्यात काय होतं ते मी पाहिलेलं नाही. साक्षीला बोलावलं तरी हेच सांगेन.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मास्तरांनी पिशवीतून शाळेचं शेरेबुक काढलं. शाळेला भेट देणारे साहेब ज्यात अभिप्राय लिहितात ते जाड, लाल कापडी बांधणीचं बुक. पाहुणा शाळेत येऊ शकत नाही तर शाळा पाहुण्याकडे आली, असं म्हणून त्यांनी ते अदबीने पुढे केलं. नाकागावांनी चष्मा नीट केला आणि सुवाच्य इंग्रजीत अर्धं पान लिहिलं. त्यांचं इंग्रजी बोलताना मोडायचं, लिहिताना मोडत नव्हतं. वाकून नमस्कार करून त्यांनी बुक परत दिलं.

मास्तर वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते. मग थांबले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं आणि माझ्या पायाखालची जमीनही टेबलावरच्या बशीसारखी दक्षिणेला निघाली. लिहिलं होतं, ‘आज मी चंद्रपूरची सुंदर चाल शिकलो. पेला कपाळाला लावतात, टेबलावर दोनदा थाप मारतात आणि आपलं नाव सांगतात. जपानमध्ये अशी चाल कुठेही नाही. मी इतक्या वर्षांत पुष्कळ इझाकाया पाहिल्या, पण असं कधी पाहिलं नाही. मित्र वनकर यांनी शिकवलं. आभार.’

मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. ते नुसते पाहत राहिले, नकाशात कच्चा रस्ता हमरस्ता म्हणून छापलेला सापडावा तसे.

“काय लिवलं मास्तर? मोठ्यानं वाचा ना!” बिरजू म्हणाला. डोमा, आचारी, वाढपी, पत्रू, सगळे कान देऊन बसले. मी डोळे मिटले. उद्या सकाळपासून मला गल्लीतून कुठल्या वाटेने जावं लागेल याचा मी विचार करू लागलो.

मास्तर उभे राहिले, घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात वाचू लागले. “पाहुणे लिहितात, की चंद्रपुरात मला माझ्या देशाची आठवण झाली. येथील वास्ते उत्तम होते. यजमान श्री. वनकर हे...” इथे ते जरा अडखळले. “...हे मित्र म्हणून लाभणे भाग्याचे आहे. आभार.” बुक मिटलं. टाळ्या पडल्या. नाकागावांना त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांना रिक्षात बसवून मी आणि मास्तर चालत निघालो. मास्तर सायकल हातात धरून होते. पानठेला मागे पडल्यावर त्यांनी विचारलं.

“कितीक वेळा गेलते तिथी?”

“एकदा.”

“कितीक वेळ बसलते?”

“बसलो नाही,” मी म्हणालो. “चार सेकंद उभा होतो.”

मास्तरांनी सायकल थांबवली. “गुणवंतभाऊ, मी वही काऊन लिवत होतो, तुमाले का वाटलं?”

मला काहीच वाटलं नव्हतं.

“सातवीच्या पोराईले शिकवतो जी मी ते. ‘जपानमधील लोकजीवन’, पाच मार्काचा प्रश्न. पुस्तकात दोन ओळी हायेत. बाकी सारं तुमचं. पोरायनं लिवलं, जपानी मानूस इझाकायात काळा चहा पेते. मी पाचातून चार देल्ले! तीन वर्गं निंघून गेले. एक पोरगा तं नागपूरले दहावीत हाये. आता त्याईले कुठी कुठी धुंडू आन सांगू, का तुमच्या मास्तरनं चुकीचं शिकवलं?”

मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. गल्लीत हसं होईल याची तीन वर्षं काळजी वाहिली, पण या माणसाने माझ्या थापा फळ्यावर लिहिल्या आहेत हे कधी मनातही आलं नव्हतं. मी म्हणालो, “मास्तर, ते पान फाडून टाका.”

“फाडता येत नाई. पानाईले नंबर हायेत. विस्तार अधिकारी साहेब मोजून पाह्यते.” ते थोडे थांबले. “पन साहेबाले इंग्रजी वाचाचा कंटाळा हाये. खाली मराठीत भाषांतर लिवून देतो. तेच वाचन तो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी ते भाषांतर लिहिलं, डोमाच्या खानावळीत वाचलं होतं तसंच, आणि माझ्याकडे सही मागितली. सहीच्या वर लिहिलं होतं, ‘भाषांतर बरोबर आहे. तपासणार : जपानचा प्रत्यक्ष अनुभव असलेले तज्ज्ञ.’ मी सही केली.

“अजून एक,” मास्तर बुक पिशवीत घालत म्हणाले. “आता जपानबद्दल काही बोलाचं असन, तं पयले मले विचाराचं.”

त्यानंतर मास्तर जिल्हा वाचनालयाचे सभासद झाले. जपानवरची होती नव्हती ती चार पुस्तकं त्यांनी आणली, एक नागपूरहून मागवलं, नाकागावांना पत्र घालून सतरा प्रश्न विचारले आणि बाराची उत्तरं मिळवली. यंदाच्या सातवीला जपान शिकवताना म्हणे वर्गात शिस्तीने शांतता असते. संध्याकाळी डोमाकडे ते जपानवर बोलतात तेव्हा आता माणसं उठून जात नाहीत. मी कोपऱ्यात बसून ऐकतो. खरं सांगायचं तर पुष्कळ गोष्टी मला नवीन असतात, आणि काही काही तर इतक्या चांगल्या असतात की आपण तिथे बेचाळीस दिवस राहून काय केलं असं वाटतं.

परवा जानेवारीत बदली होऊन आलेले एक वनपाल खानावळीत भेटले. कुणीतरी त्यांना माझी ओळख करून दिली. ते मोठ्या आदराने पुढे सरकले.

“तुम्ही जपानला होता म्हणे! तिकडे थंडी किती पडते हो?”

थंडी! जपानातली एकच गोष्ट, जी मी खरीखुरी भोगली होती. बेचाळीस दिवस, दोन स्वेटर, त्यावर कोट, वसतिगृहाच्या नळातून न येणारं पाणी, पहाटे चिवड्याच्या डब्याला चिकटलेली बोटं. याबद्दल मी शपथेवर बोलू शकलो असतो. मी कप खाली ठेवला, श्वास घेतला आणि तोंड उघडलं. समोर बसलेल्या मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

“मास्तरांना विचारा,” मी म्हणालो.